हिशेबाबाहेरचा वायू

रात्री पावणेदोनला पायलीपाड्यातून फोन.
फिलोमिना कोरिया, दुसरा मजला, स्वयंपाकघरात वास.
मी पाना घेतला, साबणाच्या पाण्याची बाटली,
आणि कंपनीनं दिलेलं नाक,
पिवळं, पट्ट्याला अडकवायचं, बॅटरीवर चालणारं.

लोकांना वाटतं तो वास गॅसचा.
गॅसला वास नसतो.
तो समुद्राखालून येतो, नाहीतर बोटीतून, थिजवलेला,
कुठल्याशा चिंचोळ्या सामुद्रधुनीतून,
जिथं कुणी खाकरलं तरी
आमच्या पंपावरचा दर दचकतो.
नळीत सोडण्याआधी त्यात सडक्या कोबीसारखं काहीतरी मिसळतात,
थेंब थेंब,
माणसानं वेळेवर घाबरावं म्हणून.

जिन्यात केणी भेटले. लुंगी, बनियन, हातात टॉर्च.
एकतीस वर्षं अणुभट्टीवर पाळ्या केल्या,
निवृत्त झाले, पण तिसरी पाळी अंगातून गेली नाही.
म्हणाले, आला का रे तुझा पाहुणा?
मी म्हटलं, बघतो.

फिलोमिनाबाईंनी दिवा लावला नव्हता. शहाणी बाई.
खिडकी सताड उघडी, आणि खिडकीत तो घुमट,
टेकडीच्या कुशीत, चंद्रासारखा निवांत.
माझी आई त्याच खिडकीच्या वरच्या मजल्यावर
पडदा लावून स्वयंपाक करायची.
घुमट दिसला की तिच्या पोटात कालवायचं.
पडदा नायलॉनचा होता.
पडद्याखाली शेगडी.

सांध्यावर फेस ओतला. फुगे आले,
लहान मुलाच्या ओठांवर येतात तसे, एकामागून एक.
नाकावरचा आकडा चढला.
केणी दारातून टॉर्च धरून उभे.
वर्षाचं इंधन, ते म्हणाले, आमच्याकडं एका ट्रकात यायचं.
तुझं रोजचं उसनं.
बोट लागली नाही की टर्बाइनं तोंड पाडून बसतात.
परवाच नाही का, पंपावर प्रेशर नव्हतं,
रिक्षांची रांग पार स्मशानाच्या भिंतीपर्यंत?

मी टेप गुंडाळत होतो. म्हटलं,
आणि तुमची राख? ती कुणी राखायची, हजार वर्षं?
केणी बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, खरंय. ती जड आहे.
पण ती कुठं आहे ते आम्हाला ठाऊक असतं.
पेटीवर नंबर असतो, वहीत नोंद, वहीखाली सही.
तुझी राख कुठं ठेवतोस?

मी वर बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

आमच्या ताळेबंदात दरवर्षी एक ओळ असते,
हिशेबात न सापडलेला वायू.
छापलेली, सभ्य, टक्क्यांत, दशांश चिन्हासकट.
जळून गेला तो वेगळा, त्याचं बिल झालं.
हा न जळता गेलेला:
खणलेल्या रस्त्याखालून, गंजलेल्या कोपरातून,
विहिरींच्या तोंडाशी, बोटींच्या पोटातून,
तिथं, जिथं त्यात अजून वास मिसळलेला नसतो.
कोण घाबरणार?
न जळता गेलेला तो, म्हणतात, धुरापेक्षा जास्त तापवतो.
यंदा मार्गशीर्षातही पंखा बंद करता आला नाही,
त्याची तक्रार कुठल्या नंबरवर करायची
हे माझ्या ओळखपत्राच्या मागं छापलेलं नाही.

माझा पगार याच नळीतून येतो.
पोरीची फी, आईच्या गोळ्या.
केणींना हे माहीत आहे, म्हणून ते पुढं बोलत नाहीत,
फक्त टॉर्चचा प्रकाश सांध्यावर नीट धरतात,
हात जरासुद्धा न हलवता.
एकतीस वर्षांची सवय:
ज्याची भीती वाटते त्याच्यावरून नजर काढायची नाही.

पाना शेवटचा पाव फेरा फिरला. फेस स्थिर.
नाकावर शून्य.
फिलोमिनाबाईंनी मिठाच्या बरणीशेजारची मेणबत्ती
हातात घेतली, परत ठेवली.
गेला ना रे, बाबा? त्यांनी विचारलं.

खाडीकडून वारा आला. घुमट तसाच.
मी पावतीवर वेळ लिहिली, दोन वाजून बावन्न,
आणि म्हणालो,
वास गेला.